साहेबाच्या घराची ओल

माझी नात पूर्वा इंग्लंडात नर्स आहे. कामावर जाताना ती एका लहानशा गावातून चालत जाते आणि वाटेत काही आवडलं की मोबाईलवर फोटो पाठवते. कधी मेंढ्या, कधी कुणाच्या दारातली फुलं. मागच्या आठवड्यात तिनं एका घराचा फोटो पाठवला. बसकं दगडी घर, लहान लहान खिडक्या, उतरतं छप्पर, छपराच्या एका टोकाला धुराडं आणि फाटकाजवळ खांबावर लावलेली पाटी. खाली लिहिलं होतं, "आजी, हे घर विकायला काढलंय. खूप जुनं आहे म्हणे." मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोटांनी फोटो मोठा करायला मला येतं, तसा केला. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "अगं, हे तर आपलं साहेबाचं घर." ती म्हणाली, "आई, ते इंग्लंडातलं आहे." बोलण्याची सवय मला पहिल्यापासून कमी. पण दुपारी सगळे निजल्यावर ही वही काढली. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे अक्षर मोठं येतं आणि ओळी खाली घसरतात. वाचणार तरी कोण आहे, मीच.

मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जी एसटी जाते, त्या रस्त्याला आमचा फाटा. फाट्यावरून आत वळलं की ओढा लागायचा आणि ओढा ओलांडून चढ चढला की साहेबाचं घर. रस्त्याच्या कामावर आलेल्या कुणा गोऱ्या साहेबानं ते आपल्या गावाकडच्या घरासारखं बांधून घेतलं होतं, एवढंच लोकांना ठाऊक. त्याचं नाव कुणाला येत नव्हतं. पुढे ते पुण्याच्या मालकांकडं आलं. पुढच्या बाजूला दोन खोल्या, जाड भिंती, मागं स्वयंपाकाची वेगळी खोली. त्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायची, घराची राखण करायचे आणि मालकांचं भाताचं खाचर कसायचे. आई, आबा आणि मी. माझ्यानंतरची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून घरात आवाज कमी असायचा.

घरात एक आवाज मात्र कायम होता. पुढच्या मोठ्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीत, घडीव दगडांची एक सुंदर कमान होती. खाली ओटा, आत माणूस वाकून बसेल एवढी जागा. मागच्या खोलीत धूर फार, म्हणून आईनं लग्न होऊन आल्याबरोबर आपले देव त्या कमानीत मांडले. देवांचे टाक, खंडोबाची तसबीर, तांब्या, समई. इतकं देखणं देवघर गावात पाटलांकडंही नव्हतं. मालकीणबाई पूर्वी आंब्याच्या दिवसांत यायच्या, तेव्हा त्यासुद्धा आधी तिथं हात जोडायच्या. एकच अडचण होती. कमानीच्या वर पोकळ होतं आणि पावसाळ्यात वरून पाणी थेट देवांवर पडायचं. मग आबांनी छपरावर चढून त्या पोकळीच्या तोंडावर चीर गेलेला एक रांजण पालथा घातला आणि सुंभानं आवळून टाकला. तेव्हापासून वारा सुटला की रांजण घुमायचा. हूं, हूं, असा लांबचा आवाज खाली कमानीतून यायचा. आई म्हणायची, "देव झोपल्यात. गलका करू नगं." मला ते अगदी खरं वाटायचं. जात्याच्या घरघरीत आणि त्या घुमण्यात मी मोठी झाले.

ओलीचं सांगायला हवं. आमच्याकडं पाऊस तोरण्याच्या बाजूनं येतो आणि आडवा मारतो. दरवर्षी पावसाच्या आधी आबा पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झड बांधायचे, म्हणजे कारवीच्या काठ्यांना पेंढा आणि पळसाची पानं बांधून केलेला पडदा. तरी आषाढ लागला की आतून भिंत काळी पडायला लागायची. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग डोक्याच्या वर. हात टेकला तर पंजा ओला. देवांच्या टाकांवर हिरवं चढायचं आणि आई ते चिंचेनं घासायची. घोंगडीला बुरशीचा वास, मिठाच्या बरणीत पाणी. आम्ही त्या खोलीत निजायचोच नाही. मागच्या खोलीत चुलीजवळ तिघं दाटीवाटीनं पडायचो, आणि घर म्हणजे असंच असतं असं मी धरून चालले होते.

मी तेरा-चौदा वर्षांची असेन. होळी झाली आणि मालकांचे कारभारी पुण्याहून आले. पांढरा लेंगा, हातात छत्री, बोलताना माणसाकडं न बघता छपराकडं बघायचे. त्यांनी आबांना सांगितलं, "मालक घर विकतायत. राहायला घेणारं गिऱ्हाईक आलं तर उत्तम, तुमचीही सोय ते बघतील. नाहीतर पावसाळा सरला की पानशेतच्या एका खानावळवाल्याला देणार. त्याला घर नकोय, त्याला दगड आणि सागवान हवंय."

आबा म्हणाले, "आन आमी?"

"तेच सांगतोय ना. म्हणून गिऱ्हाईक आलं की नीट दाखवा. आणि हे बघा, ओलबिल, गळणं, हे तोंडातून काढायचं नाही. विचारलं तर एकच सांगायचं, घर खडखडीत आहे."

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "हौशे, आईकलंस ना? खडखडीत." मी मान हलवली. मला वाटलं, मला कोण विचारणार आहे.

त्या उन्हाळ्यात माणसं आली. पुण्याचं एक जोडपं मोटारीतून आलं. बाई खिडकीजवळ उभी राहून "किती गोड आहे" म्हणाल्या, मग न्हाणी बघून आल्यावर काहीच म्हणाल्या नाहीत. जाताना त्यांनी आईला विचारलं, "इथं संध्याकाळी काय करता हो तुम्ही?" आई म्हणाली, "संध्याकाळी? दिवं लावतो." ती मोटार परत आली नाही. मग पानशेतचा तो खानावळवाला आला. त्यानं बोटांच्या पेरांनी दगड वाजवून पाहिले, बाकावर चढून तुळई आणि वासे निरखले आणि जे चांगले होते त्यांवर गेरूनं फुल्या मारल्या. माणूस वाईट नव्हता. मला लिमलेटची गोळी दिली. पण त्या लाल फुल्या वर बघितलं की दिसायच्या, आणि जेवताना आबा वर बघायचेच नाहीत.

चैत्रात आमच्याकडं राब भाजतात. भाताचं रोप टाकायची जागा पाला, काटक्या, शेणी पसरून जाळायची असते आणि जाळ लावला की वारा फिरेल म्हणून तिथून हलता येत नाही. त्या दिवशी आई-आबा दोघंही रानात होते आणि मी एकटी अंगणात नाचणी पाखडत होते. दुपारच्या एसटीनं उतरून एक बाई चढ चढून आल्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पायात दणकट चपला. म्हणाल्या, "मी भोरच्या दवाखान्यात सिस्टर आहे. घर बघायला आलेय. कुणी मोठं आहे का घरात?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"मग तूच दाखव की. नाव काय तुझं?"

"हौसा," मी सुपाकडं बघून म्हणाले.

मी पुढं आणि त्या मागं. मी दार उघडायची, त्या बघायच्या. कमानीपुढं त्या जरा जास्त वेळ थांबल्या. मग खिडकीत बसल्या आणि पाणी मागितलं. पाणी पिता पिता आपणहून सांगायला लागल्या. नोकरी संपत आली होती. लग्न केलेलं नव्हतं, घरी एकटी आई. आईला दमा. भोरला घर गल्लीत, चारी बाजूंनी बंद. "म्हातारीला मोकळी हवा मिळाली तर दोन वर्षं जास्त काढील," त्या म्हणाल्या, "इथं या खिडकीशी तिची खाट टाकली की झालं. पावसात घर कसं असतं गं?"

खिडकी पश्चिमेची होती. मी म्हणाले, "खडखडीत हाय."

त्या हसल्या. पिशवीतून एक मोसंबं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि निघाल्या. मी सुपाजवळ बसले, पण हात चालेनात. त्यांची आई मी पाहिलेली नव्हती. तरी तिची खाट मला त्या भिंतीला लागलेली दिसायला लागली, आणि आमच्या घोंगडीला यायचा तो वास नाकात आला. आमच्या शेजारच्या पारूकाकूला दमा होता. श्रावणात ती कशी बसायची, ते मी बघितलं होतं. मी उठले आणि पळत सुटले. मोसंबं हातातच राहिलं.

फाट्यावर एसटी उभी होती. सिस्टरबाईंचा एक पाय पायरीवर होता. मी धापा टाकत दारापाशी उभी राहिले. आतून कंडक्टर ओरडला, "ए पोरी, चढायचंय का?"

"न्हाई."

"मग बाजूला व्हय की."

सिस्टरबाई वळून बघत होत्या. मी त्यांच्या चपलांकडं बघत म्हणाले, "भिंत भिजती. देवामागची. आखाडात डोक्याच्या वर वल येती. म्या खोटं बोलले. तुमच्या आयला हितं आनू नगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कंडक्टरनं घंटी दिली. त्या वर चढल्या, दार लागलं आणि गाडी गेली.

मी घरी काही सांगितलं नाही. आईनं मोसंबं बघितलं आणि तिला केवढा हुरूप आला. "ही घेनार बग," ती आबांना म्हणाली, "पानी पिऊन गेली, पोरीला फळ दिलं. मनात असल्याबिगर कोन देतंय." रोज दुपारची एसटी वाजली की ती हात पुसत अंगणात यायची. मला तिच्याकडं बघवेना. आपल्याच हातानं आपण वरच्या लाल फुल्या पक्क्या केल्या, असं वाटायचं. आज एवढ्या वर्षांनी विचार केला तरी ते दोन-अडीच महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब महिने वाटतात, आणि पुढं मी बरंच काही सोसलेलं आहे.

आषाढात भाताची रोपं लावायची आवणी चालू होती. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. दुपारी आम्ही खाचरातून आलो, डोक्यावरची पानांची इरली दाराशी टेकवली, आईनं ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा आणि नाचणीच्या भाकरी वाढल्या. पहिला घास मोडला आणि दारात सिस्टरबाई उभ्या. गुडघ्यापर्यंत चिखल, छत्री उलटी झालेली.

आई धडपडत उठली. "या, या बाई. एवढ्या पावसात कशाला आलासा?"

"पावसातच यायचं होतं," त्या म्हणाल्या आणि सरळ पुढच्या खोलीत गेल्या. आम्ही उष्ट्या हातांनी मागं. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. मग मधल्या बोटानं दोन-तीन ठिकाणी भिंत ठोकून पाहिली आणि कान लावला.

आबा घुटमळत म्हणाले, "औंदा पाऊस जरा जादा हाय."

"दरवर्षी जादाच असतो, आबा."

आई कळवळून म्हणाली, "वल हाय म्हनून तुमाला सांगितलं कुनी?"

माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मला तोंडातही घालता येईना आणि खालीही ठेवता येईना.

"मी नर्स आहे," सिस्टरबाई भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "कुठं पाणी धरलंय ते मला ठोकलं की कळतं." मग वर बोट करून विचारलं, "धुराड्यावर काय घातलंय? बाहेरनं दिसलं."

"रांजन," आबा म्हणाले. "देवांवर पानी पडत हुतं."

"आणि देव चुलीत कुणी बसवले?"

आई एकदम ताठ झाली. "बाई, देवाला असं बोलू नये."

सिस्टरबाई आईशी हळू बोलल्या. आधी त्या डोंगरावरच्या एका जुन्या दवाखान्यात होत्या, साहेबांच्या काळातल्या. तिथं प्रत्येक खोलीत भिंतीत अशी कमान होती आणि थंडी-पावसात तिच्यात जाळ करायचे. त्यांनी वाकून कमानीच्या आतल्या दगडावर नखानं खरवडलं. वर आईच्या इतक्या वर्षांच्या हळदीचा थर होता. त्याच्याखाली कुळकुळीत काजळी निघाली.

आईनं त्या काजळीला बोट लावून बघितलं. "इतकी वरसं देव चुलीत ठिवलं म्या," ती म्हणाली.

आबा म्हणाले, "थंडी तरी वाजली नसंल त्येंला."

"चूल पेटलेली कुठं हुती?" आई चिडून म्हणाली.

"तेच तर," सिस्टरबाई म्हणाल्या. "साहेबानं भिंत वाळवायची सोय केली होती, तुम्ही तिला बूच मारलंत. तीन दिवस रजा काढून आलेय मी. तीन दिवस जाळ करून बघू. देव तेवढे दिवस मागच्या खोलीत राहतील, पाहुणे म्हणून."

आईला देव हलवायची भीती वाटत होती. तिनं नारळ फोडला, टाकांपुढं हळदकुंकू वाहिलं, पुटपुटत माफी मागितली आणि एकेक टाक पदरात घेऊन मागं नेला. पाऊस जरा थांबला तसे आबा छपरावर चढले. सुंभ कुजलेलं होतं. रांजण ते खाली आणू शकले नाहीत, हातातून सुटला आणि अंगणात फुटला. ती खापरं मी गोळा केली. आवाज थांबला होता आणि घर मला एकाएकी परकं वाटलं.

पहिला जाळ म्हणजे फजिती होती. शेणी आणि करवंदीच्या काटक्या पेटवल्या तर सगळा धूर खोलीत. चौघं खोकत अंगणात आलो. आबा डोळे पुसत म्हणाले, "साहेब ह्याच्यापायीच पळाला असंल." सिस्टरबाई हसल्या, पण मागं हटल्या नाहीत. काठीला चिंध्या बांधून आबांनी पोकळी वरून साफ केली, पाखरांची जुनी घरटी आणि टोपलीभर काजळी खाली पडली. पुन्हा जाळ केला. आधी धूर घुटमळला. मग वरून कुणी ओढून घ्यावा तसा सरळ वर निघून गेला, आणि ज्वाळा उभ्या राहिल्या. त्या खोलीत मी जन्मात पहिल्यांदा उबेला बसले.

तीन दिवस जाळ विझू दिला नाही. आई-आबा आवणीला जायचे, मी लाकडं घालायची. मी एक काम आपल्या मनानं केलं. ओल कुठवर आहे तिथं भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी कमानीभोवतीचा भाग पांढरट दिसायला लागला आणि ओल रेघेच्या खाली आली. मी नवी रेघ ओढली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. सिस्टरबाई मोडक्या खुर्चीत बसून माझं चाललेलं बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "मोसंबं खाल्लंस का?" मी म्हणाले, "न्हाई, वाळलं." त्यावर त्या इतक्या हसल्या की खोकला आला. फाट्यावरच्या गोष्टीबद्दल त्या तेव्हाही बोलल्या नाहीत आणि नंतरही कधी नाहीत. आई-आबांना ते अखेरपर्यंत कळलं नाही. आज पहिल्यांदा ते कुठंतरी उमटतंय.

भिंत पुरती सुकली नाही. जमिनीलगतची वीतभर ओल आजही आषाढात येते. पण सिस्टरबाईंनी चौथ्या दिवशी आबांना सांगितलं, "तुमच्या कारभाऱ्यांना निरोप द्या. घर मी घेते. राखण आणि खाचर तुमच्याकडंच." आबांनी वर बघितलं, त्या लाल फुल्यांकडं, कितीतरी दिवसांनी. कारभारी आले तेव्हा छपराकडं बघत म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, नीट दाखवलं की घर जातं?"

दसऱ्याला सिस्टरबाईंची आई आली. एवढीशी, पण आवाज खणखणीत. तिची खाट कमानीच्या शेजारी टाकली. कमानीच्या वरच्या फळीवर सिस्टरबाईंनी बुद्धाची तसबीर ठेवली. आमचे देव मागच्या खोलीतल्या कोनाड्यात कोरडे बसले, तरी माझी आई पुढं गेली की सवयीनं कमानीला हात जोडायची. म्हातारी खाटेवरून विचारायची, "चुलीच्या काय पाया पडतीस गं?" आई म्हणायची, "सवय हाय." मग दोघी तिथंच बसून चहा प्यायच्या. म्हातारीनं दोन वर्षं म्हणता म्हणता सात पावसाळे काढले. माझं लग्न शेजारच्या गावात झालं, त्यामुळे माहेरी येणं सोपं होतं. पुढं माझ्या मुलाची मुलगी, ही पूर्वा, याच कमानीपुढं थकलेल्या सिस्टरबाईंजवळ बसून छाती कशी ठोकून बघायची ते शिकायची, आधी भिंतीवर आणि मग मांजरावर. घरात आता सिस्टरबाईंचा भाचा राहतो. गेरूच्या फुल्या वाशांवर तशाच आहेत. पुसू नका, असं मीच त्याला सांगितलंय.

काल संध्याकाळी पूर्वाचा फोन आला. मी विचारलं, "त्या घरात कोन राहतंय का गं आता?"

"एक म्हातारी बाई आहे, आजी. रोज हात करते मला. मुलाकडं राहायला जाणार आहे."

"तिला इचार, कुठली भिंत भिजती."

"विचारलं," ती म्हणाली. "फोटो पाठवला त्याच दिवशी विचारलं. उत्तरेची. आत नेऊन दाखवली तिनं. म्हणाली, पाटीवर हे लिहीत नाहीत, पण चूल पेटती ठेवली की सुकते. घर बघायला येणारे चूल बघून फोटो काढतात आणि जातात. हिचा गुडघा दुखतो, त्यांच्या मागं जाता येत नाही. मला म्हणाली, तू रोज इथून जातेस, कुणी दिसलं तर सांगशील का? आजी, परक्या माणसाला मी कसं सांगू? बसच्या थांब्यावर उभे असतात ते."

"त्येंच्या तोंडाकडं बघू नगं," मी म्हणाले. "चपलांकडं बघ आन बोल. गाडी सुटायच्या आत सांगितलं म्हंजी झालं."